आयर्लंडमधली एमएससी: तीन ऑफरपैकी कोणती घ्यावी?

तुझ्या हातात तीन ऑफर आहेत: कॉम्प्युटर सायन्सचा हायर डिप्लोमा, डेटा अ‍ॅनालिटिक्सची एमएससी आणि कॉम्प्युटर सायन्सची कन्व्हर्जन एमएससी, म्हणजे दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठीची. बीई मेकॅनिकलमधलं, तीन वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीस, आणि पुढे डेव्हलपर व्हायचंय. मी तुझ्या जागी असते तर कन्व्हर्जनच घेतली असती. ताई म्हणून विचारलंस, म्हणून कारणांसकट लिहिते.

डिप्लोमा आधी बाजूला ठेव. अभ्यास म्हणून तो वाईट नाही, पण तो लेव्हल ८ चा, म्हणजे आयर्लंडच्या श्रेणीत एमएससीच्या एक पायरी खाली. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला इथे राहायची परवानगी, म्हणजे स्टॅम्प १जी, मिळतो, तो लेव्हल ८ ला १२ महिन्यांचा आणि लेव्हल ९ ला, म्हणजे एमएससीला, २४ महिन्यांचा. माझ्या बरोबरच्यांपैकी दोघींना पहिली नोकरी लागायला आठ महिने गेले. त्यापुढे नोकरीच्या परवान्याची, म्हणजे परमिटची, कागदपत्रं. १२ महिन्यांत हे सगळं उरकताना जीव मेटाकुटीला येतो.

आता खरा प्रश्न उरलेल्या दोघांतला. अ‍ॅनालिटिक्सच्या नावाला भुलू नकोस, दोन्हींची मॉड्यूलची यादी शेजारी ठेवून वाच. त्या कोर्सात सहसा स्टॅटिस्टिक्स, पायथन, मशीन लर्निंग असतं. ऑपरेटिंग सिस्टिम आणि अल्गोरिदम तुला येतं असं धरूनच चालतात. बीई कॉम्प्युटरवाल्याला मी तोच कोर्स सुचवला असता. तुझा पाया मात्र अजून भरायचाय.

माझाही नव्हता भरलेला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला सी भाषेत छोटा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, लिहायचा होता. नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमची प्रत, बनवणारं फोर्क एकदाच कॉल केलं आणि स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या. मला वाटलं चूक झाली, अर्धा तास कोड तपासत बसले. मग उमगलं की आता प्रोसेसच दोन झाल्यात: फोर्ककडून नव्या प्रोसेसला, म्हणजे मुलाला, शून्य मिळतं, मूळ प्रोसेसला, म्हणजे पालकाला, मुलाचा क्रमांक. प्रोसेस म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं. पुढे इंटरव्ह्यूत विचारलं, क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींमधून एक शोधायला किती तुलना लागतील? दरवेळी निम्म्या वगळत गेलं की साधारण वीस. हे मी हाताने लिहून पाहिलं होतं, म्हणून आवाज न अडखळता सांगता आलं.

परमिटचंही बघ. सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम क्रिटिकल स्किल्सच्या, म्हणजे देशाला खास गरज असलेल्या कामांच्या, यादीत आहे, त्यामुळे स्थानिक उमेदवार मिळत नाही हे कंपनीला सिद्ध करावं लागत नाही. पण दोन वर्षांची ऑफर आणि त्या कामाशी संबंधित पदवी लागते. तुझ्या मेकॅनिकलच्या पदवीला कॉम्प्युटर सायन्सची जोड मिळाली की तो प्रश्न मिटतो.

एक काळजीने सांगते. एमएससी बहुधा ९० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला २० ते २५ तास धरतात. म्हणजे वर्षभर आठवड्याला जवळजवळ ४० तास अभ्यास. टर्ममध्ये २० तास काम करायची परवानगी आहे म्हणून तेवढं करायलाच हवं असं नाही. मी पहिल्या टर्मला १६ तास करत होते, अल्गोरिदमचा पेपर जेमतेम निघाला. जमलं तर पहिल्या टर्मपुरते पैसे घरूनच घेऊन ये.

आणि ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच निघतात, कॉलेज नुकतं सुरू झालेलं असताना. ते निघायच्या आधीच सीव्ही तयार ठेव. टेस्टिंगची तीन वर्षं त्यात सगळ्यात वर लिही.