ग्राफिक्स कार्डं एवढी अगडबंब का झाली? तुमचे प्रश्न

प्रश्न: एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० कार्डाला १८० वॅट पुरायचे, आता आरटीएक्स ५०९० ला ५७५ लागतात. टेक्नॉलॉजी सुधारली तर वीज कमी लागायला हवी ना?

उत्तर: सुधारलीच आहे, एका वॅटमागे मिळणारं काम कितीतरी वाढलंय. पण पूर्वी ट्रान्झिस्टर (चिपमधला अतिसूक्ष्म स्विच) लहान झाला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरायचं, ते २००५ च्या आसपास जवळजवळ थांबलं आणि ट्रान्झिस्टर मात्र वाढतच गेले, १०८० मध्ये ७२० कोटी होते, ५०९० मध्ये ९२०० कोटींच्या वर आहेत. त्यात बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या चाचण्यांमध्ये, पहिलं यायचं म्हणून कंपन्या क्लॉक (चिपचा वेग) पार टोकाला नेतात, त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे शेवटच्या चार-पाच एफपीएससाठी (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) ढीगभर वॅट जाळायचे. मला हे अजिबात पटत नाही. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (विजेची कमाल मर्यादा) ७०-८० टक्क्यांवर आणून बघा, आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डात एफपीएस थोडेच पडतात आणि खोली तापायची थांबते.

प्रश्न: नवीन कार्ड कॅबिनेटमध्ये बसेल का?

उत्तर: चिप छोटीच असते हो, जागा खातात हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पत्रे) आणि पंखे. ४०९० चं फाउंडर्स एडिशन (खुद्द एनव्हिडियाने बनवलेलं कार्ड) ३०४ मिमी लांब आणि तीन स्लॉट (कॅबिनेटमधल्या तीन कार्डांच्या जागेइतकं) जाड आहे, इतर ब्रँडची बहुतेक त्याहून मोठी. लांबी तर मोजाच, पण कार्डाला वीज देणारा कनेक्टर आणि साइड पॅनलमधलं अंतरही मोजा, ते बरेच जण विसरतात.

प्रश्न: कनेक्टर वितळतो म्हणतात, खरंय?

उत्तर: खरंय, २०२२ मध्ये ४०९० आल्यावर अशा केसेस झाल्या. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, ते सहा बारीक पिनांतून जाणार, प्लग अर्धवट बसला की पिना तापतात. पूर्ण आत ढकला, फट दिसता कामा नये, आणि केबल प्लगच्या तोंडाशीच मुरडू नका.

प्रश्न: बिल किती वाढेल? घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

उत्तर: ५०९० रोज चार तास फुल लोडवर चाललं तर महिन्याला ६९ युनिट, ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० घेतलं तर १४ च्या आत. महावितरणचा १०० युनिटचा स्लॅब ओलांडला की दरही चढतो ते धरा. आणि तो यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, त्याच्यावर ५०९० लावायचा विचारही नको, ४०६० वालं पीसी बहुतेक चालेल.