मशीनचं नंतर बघू

प्रश्न : हौशी लोकांनी स्वतः जोडायच्या ऑटोजायरो (डोक्यावर वाऱ्याने फिरणारी पाती असलेलं छोटं विमान) किटचा माझा छोटा कारखाना आहे. वर्षाला दहा किट जातात. किमतीच्या 60 टक्के आगाऊ घेतो. 14 ऑर्डरी बाकी आहेत. त्याच पैशांतून दोन वर्षांपूर्वी पेन्शन पॉलिसी घेतली. एजंट म्हणाला, दहा वर्षांत दुप्पट. आता रोटर हेडसाठी, म्हणजे पाती ज्यावर फिरतात त्या भागासाठी, सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं) मशीन घ्यायचंय. त्यासाठी पॉलिसी मोडू की बँकेचं कर्ज काढू? मशीन आलं की वर्षाला चाळीस किट जातील. आकडे सोबत जोडले आहेत.

उत्तर : मशीन नको, म्हणून कर्जही नको. दहा किटचे रोटर हेड आणि हब बार (पाती जोडणारी पट्टी) करायला मशीनला काम असून असून किती दिवसांचं? उरलेलं वर्ष ते झाकून ठेवाल, हप्ते मात्र बारा महिने भराल. बाहेरच्या वर्कशॉपकडून जॉबवर्कवर करून घ्या. आणि चाळीस किट कोण घेणार? शेकडो तास खपून स्वतःचं यंत्र जोडणारी माणसं तुमच्या मशीनमुळे वाढत नाहीत.

आता न विचारलेलं. किटची किंमत 100 धरू. 14 जणांचे 840 तुम्ही घेतलेत, शिल्लक 200. प्रत्येक किटला माल 65चा, म्हणजे 910 लागणार. येणं 560, तेही किट पाठवताना. हातातले 200 धरून 760. दीडशे कमी पडतात, आणि यात मजुरी, भाडं, तुमचं घर काहीच धरलेलं नाही. जुन्यांची किट नव्यांच्या पैशांतून पुरी होतायत. दोन-तीन महिने ऑर्डर आली नाही की सगळं उघडं पडेल.

अमेरिकेत 1970च्या दशकात बीडी-5 या किट विमानासाठी हजारोंनी पैसे भरले. इंजिन पुरवणारी कंपनी बुडाली, खोळंबा वाढत गेला आणि 1979मध्ये विमानाची कंपनीही दिवाळखोरीत निघाली. पुढे दहा वर्षं विमानांसाठी आगाऊ रक्कम घेणार नाही, असं तिच्या मालकाला सरकारला लिहून द्यावं लागलं. विमान लोकांना आवडलं होतं हो!

शिवाय पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री चाचण्यांना लागते. तुमचा रोटर इंजिनावर नाही, वाऱ्यावर फिरतो. उडताना चालकाने हातातली दांडी जोरात पुढे ढकलली आणि पात्यांवरचा भार गेला, की तो मंदावतो आणि मग सावरत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको.

आगाऊ रकमेचं खातं आजच वेगळं करा. नव्या ऑर्डरीला बुकिंगपुरते थोडे पैसे घ्या, बाकीचे टप्प्याटप्प्याने: सांगाडा पाठवताना, मग रोटर पाठवताना. इंजिन गिऱ्हाइकाने थेट विक्रेत्याकडून घ्यावं, म्हणजे किमतीतला सगळ्यात जड आकडा तुमच्या वहीत येणारच नाही. जुन्या 14 जणांना खऱ्या तारखा कळवा. एखादा पैसे परत मागेल; द्यावे लागतील.

त्यासाठी पॉलिसी मोडा. भरलेला रुपया दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण सव्वासात टक्के, तेही एजंटाचं बोलणं खरं धरलं तर. त्यासाठी लोकांचे पैसे अडकवलेत! सरेंडर केल्यावर किती मिळतील ते कंपनीकडून लेखी मागवा. आकडा बघून पोटात गोळा येईल, आणि एजंट म्हणेल, आणखी दोन हप्ते भरा. भरू नका.