यूएमएलच्या आकृत्या संचालक मंडळाला कशा दाखवायच्या?

प्रश्न : मी बिझनेस ॲनालिस्ट आहे, सध्या एका पतसंस्थेचं कर्जाचं मॉड्यूल करतोय. यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरची रचना दाखवायची चित्रभाषा, तिच्यातला क्लास डायग्राम (सिस्टीममधल्या गोष्टी आणि त्यांची नाती), सीक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने निरोप देतं) सगळं नीट काढून संचालकांच्या मीटिंगला नेलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, एकही प्रश्न आला नाही आणि शेवटी चेअरमनसाहेब म्हणाले, "छान आहे, करा सुरू." आता मलाच धाकधूक वाटतेय. सोपं करायचं म्हणजे नेमकं काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : धाकधूक रास्त आहे, प्रश्न आला नाही याचा अर्थ बहुतेक कुणी वाचलंच नाही. यात संचालकांचा काही दोष नाही हो. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघा सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या पद्धती एकत्र करून यूएमएल झालं, 1997 मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ते स्टँडर्ड म्हणून स्वीकारलं, आणि ते मुख्यतः सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांसाठीच. आज त्यात 14 प्रकारच्या आकृत्या आहेत. रेघेच्या टोकाचा डायमंड भरीव का आणि पोकळ का, हे चेअरमनना कळून करायचंय काय? क्लास डायग्राम टीमपुरता ठेवा.

कुणीतरी यूज केस डायग्राम (कोण सिस्टीमकडून काय करून घेतं ते दाखवणारा) सुचवेल, काडीमाणूस आणि लंबगोल, दिसायला एकदम सोपा. पण त्यात आधी काय नंतर काय तेच कळत नाही, त्यामुळे माना पुन्हा डोलतील. माझं मत विचाराल तर स्विमलेनवाला ॲक्टिव्हिटी डायग्राम घ्या, म्हणजे कामाचे टप्पे क्रमाने आणि ज्याचं काम त्याच्या पट्टीत. एकेक पट्टी सभासद, शाखाधिकारी, कर्ज उपसमिती आणि सिस्टीम यांची, आणि चौकटीत 'व्हॅलिडेट गॅरंटर' नको, सरळ 'जामीनदाराची थकबाकी बघा' असं लिहा. बाहेरच्या कुठल्या सिस्टीम जोडायच्यात एवढंच दाखवायचं असेल तर सायमन ब्राउन यांच्या सी-फोर मॉडेलची (सॉफ्टवेअर चार पातळ्यांत दाखवायची पद्धत) फक्त पहिली, कॉन्टेक्स्टची पातळी पुरते.

आता खरी गोम. सोपं करायच्या नादात लोक 'नाही'चे फाटे उडवतात आणि अर्ज, मंजुरी, वाटप अशी सरळ रेघ उरते. खुणा कमी करा, अपवाद मात्र अजिबात कमी करू नका. जामीनदार आधीच दुसऱ्या कर्जाला जामीन असेल तर? उपसमितीने रक्कम कापून मंजूर केली आणि सभासदाला ती नको असेल तर अर्ज कुणाकडे परत जातो? ही उत्तरं तुमच्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत, म्हणून तर मीटिंग. जो फाटा ठरलेला नाही तिथे लाल प्रश्नचिन्ह टाकूनच कागद न्या, बघा कसे बोलायला लागतात (कधीकधी आपसातच जुंपते, जुंपू द्या, त्यातूनच नियम बाहेर येतो).

त्याआधी शाखेतल्या एखाद्या क्लार्कला एक जुनी कर्ज फाईल समोर ठेवून आकृतीवरून बोट फिरवायला सांगा, आणि तुम्ही तोंड उघडू नका. बोट जिथे अडेल तिथली चौकट बदला, आणि ती बदललीत की टीमकडच्या मूळ मॉडेलमध्येही लगेच बदला, नाहीतर मंडळ मंजूर करणार एक आणि डेव्हलपर बांधणार दुसरंच.