वाचकांचे प्रश्न : जुने बेसबॉल फोटो आणि स्लाइड्स

प्रश्न : बेसबॉलपटू बेब रूथचा ८ बाय १० इंची कृष्णधवल फोटो विकत मिळतोय. मागे वृत्तसंस्थेचा शिक्का आहे. विक्रेता त्याला ‘टाइप वन’ म्हणतो. खात्री कशी करायची? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : टाइप वन म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेला प्रिंट. निगेटिव्ह मूळच, पण प्रिंट उशिरा केलेला असेल तर टाइप टू. कॉपी निगेटिव्हवरून (प्रिंटचाच फोटो काढून केलेली निगेटिव्ह) किंवा तारेने, म्हणजे वायरवरून वृत्तपत्राकडे आलेल्या चित्रावरून त्याच काळात काढलेला टाइप थ्री, आणि तसाच पण नंतरचा टाइप फोर. किमतीतली सगळी तफावत इथेच असते, त्यामुळे नुसत्या शब्दावर पैसे मोजू नका.

आधी फोटोची पाठ बघा, रूथकडे नंतर. अंधाऱ्या खोलीत पाठीवर यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे, आणि फोटोच्या कागदात तो १९५०च्या दशकापासून येऊ लागला. रूथ १९३५ साली निवृत्त झाला, तेव्हा ‘टाइप वन’चा दावा तिथेच संपला. कागद चमकला नाही म्हणून मात्र हुरळून जाऊ नका; बिनब्राइटनरचे कागद नंतरही निघत होते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. स्वस्तातल्या ३९५च्या टॉर्चचा जांभळा उजेड इतका पडतो की खरी चमक ओळखूच येत नाही.

मग शिक्का वाचा. यूपीआय, म्हणजे युनायटेड प्रेस इंटरनॅशनल, ही अमेरिकी वृत्तसंस्था १९५८ साली दोन वृत्तसंस्था एकत्र येऊन झाली. मागे तेवढाच शिक्का असेल तर प्रिंट उशिराचा असण्याचा संशय घ्या. उलट, एकाच फोटोवर चार-पाच तारखा असतील तर बिचकू नका. वृत्तपत्रं तोच फोटो पुन्हा छापताना दरवेळी तारीख मारत.

दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नाही, छापील चित्र आहे. बारीक समांतर रेघा दिसल्या तर तारेने आलेलं चित्र. कडेच्या काळ्या भागात, उजेड तिरपा धरल्यावर, रुपेरी झाक दिसली तर ते जुन्या जिलेटिन प्रिंटचं (ज्यात चित्र जिलेटिनच्या थरात असतं) चांगलं लक्षण. फोटोचा कुठला भाग छापायचा ते दाखवणाऱ्या खुणा आणि रंगाचे फटकारे पुसू नका. न्यूजरूममधून फोटो फिरल्याची साक्ष तीच.

प्रश्न : पन्नास-साठच्या दशकातल्या सामन्यांच्या स्लाइड्स घेतल्या. काही लालभडक झाल्यात, काही कोऱ्या करकरीत. असं का?

उत्तर : लाल झालेल्या बहुधा कोडॅकच्या जुन्या एक्टाक्रोम फिल्मच्या. त्यातलं निळसर-हिरवं रंगद्रव्य आधी उडतं आणि लाली उरते. कोऱ्या दिसतात त्या कोडॅकच्याच कोडाक्रोम फिल्मच्या. अंधारात त्या दशकानुदशकं टिकतात, प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र लवकर फिक्या पडतात, म्हणून भिंतीवर दाखवायचा मोह आवरा आणि स्कॅन करा. ४००० डीपीआय पुरे. कोडाक्रोमसाठी स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा. कोडाक्रोममधलं रंगद्रव्य इन्फ्रारेड अडवतं आणि मशीन चित्रातले बारकावेच धूळ समजून पुसतं. धूळ हाताने दाबायच्या हवेच्या रबरी फुग्याने उडवा.

पुठ्ठ्याची चौकट काढून टाकू नका. बऱ्याच चौकटींवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची असते, सामन्याची नव्हे. सप्टेंबरातला खेळ नोव्हेंबरच्या चौकटीत सर्रास सापडतो.

प्रश्न : हा संग्रह मुंबईला न्यायचा आहे. पावसाळ्यात काय करावं?

उत्तर : पीव्हीसीच्या पाकिटांना हात लावू नका, ती चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची घ्या. हवाबंद डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ३० ते ५० टक्क्यांत हवा. ६५च्या वर बुरशी धरते. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. बुरशी आलीच तर पाणी लावायचं नाही, तिने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. एखाद्या स्लाइडला व्हिनेगरसारखा वास आला तर ती त्याच दिवशी वेगळी काढा.