जेमसन सोड्यात चालते, पण नीट, म्हणजे काही न मिसळता, घेतली की घसा जळतो. आयरिश व्हिस्कीची गोडी कशी लागेल?

आधी बर्फ बंद करा. गार झाली की वास दबतो, आणि अर्धी मजा वासातच असते. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, 30 मिली ओता, पाच मिनिटं राहू द्या. नाक आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून हुंगा. पहिला घोट चमचाभरच, जिभेवर घोळवून गिळायचा. तो फक्त सवयीसाठी, चव दुसऱ्या घोटापासून धरा. तरीही जळजळलं तर अर्धा चमचा साधं पाणी घाला. एकदम जास्त ओतलंत तर नुसती पचपचीत होते.

पुढची बाटली सिंगल पॉट स्टिल (एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिल म्हणजे तांब्याच्या भांड्यात गाळलेली व्हिस्की) घ्या: ग्रीन स्पॉट, किंवा खिसा परवानगी देत असेल तर रेडब्रेस्ट 12. दोन्ही आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीच्या. यात मोड आणलेले आणि न आणलेले जव, प्रत्येकी किमान 30 टक्के लागतात. साईसारखा दाटपणा आणि मिऱ्याची चुणचुण येते ती मोड न आणलेल्या जवांमुळे. जेमसनच्या ब्लेंडमध्येही (मिश्रणातही) पॉट स्टिल व्हिस्की असतेच, म्हणून ही उडी फार मोठी वाटत नाही. रेडब्रेस्टमध्ये शेरीच्या (स्पेनमधल्या वाइनच्या) पिंपांमुळे वर मनुका-अंजिराचा वास.

आणि ‘आयरिश म्हणजे तीनदा गाळलेली, धूर नसलेली’ हे सरसकट खरं नाही. कॉनेमारा ही आयरिश व्हिस्की दोनदाच गाळतात आणि ती चांगलीच धुरकट असते; ती एवढ्यात नको.