स्पिनलॉक हातात असताना झोपू नकोस

फर्मागुडीचं कॉलेज संपवून लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड वाचायला घेतलायस, तर आधी लॉकिंग धर: एकच डेटा दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून त्याला कुलूप लावणं. १९९६च्या लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसर चालू लागले, पण अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप होतं. ते पूर्ण निघायला २०११ उजाडलं.

स्पिनलॉक मिळेपर्यंत प्रोसेसर जागीच फिरत राहतो, म्हणजे रायबंदरच्या धक्क्यावर इंजिन चालू ठेवून फेरीबोटीची वाट बघणं. क्षणभरच थांबायचं असेल तर परवडतं. म्युटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या लॉकमध्ये वाट बघताना इंजिन बंद करून झोपता येतं. स्पिनलॉक धरून तू झोपलास तर बाकीचे तेवढा वेळ फिरत राहतील, म्हणून तो धरलेला असताना झोपू शकणारं एकही फंक्शन बोलावू नकोस.

तोच लॉक इंटरप्ट हँडलरही (हार्डवेअरने हाक दिली की चालू काम थांबवून धावणारा कोड) घेत असेल, तर त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करूनच घे. नाहीतर लॉक धरलेल्या प्रोसेसरवरच हँडलर येतो आणि लॉक सुटण्याची वाट बघत कायमचा फिरत राहतो. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण चाचणीत ती सहज निसटते.

दोन लॉक घेताना क्रम सगळीकडे एकच ठेव. लॉकडेप हा कर्नलमधला लॉक तपासणारा भाग चालूच असू दे, प्रत्यक्ष डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं) होण्याआधीच तो उलटा क्रम दाखवतो. प्रत्येक लॉक कुठला डेटा राखतो ते शेजारी कॉमेंटमध्ये लिही. वाचन फार आणि बदल थोडे, अशा डेटासाठी आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट, वाचणाऱ्याला लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) आहे, पण त्याला हे सगळं पचल्यावर हात घाल.