खेळ, तंत्रज्ञान, धर्म, सिनेमा: तुमची ठाम मतं कोणती?

सगळ्यात ठाम मत खेळाबद्दल: आपण क्रिकेटपलीकडे बघायलाच हवं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, नेमबाज स्वप्नील कुसाळेला. मधली ७२ वर्षं मला खरंच सलतात.

तंत्रज्ञानात यूपीआय मनापासून आवडतं. भाजीवाल्या मावशी पाटीला चिकटवलेला क्यूआर कोड पुढे करतात, सुट्ट्या पैशांची कटकटच नाही.

धर्म म्हणाल तर, आजीबरोबर आळंदी ते पुणे वारीत चाललो. अनोळखी माणूस ‘माउली’ म्हणत पाया पडला, मीही वाकलो. तेवढा धर्म मला पुरतो.

मराठी सिनेमा मात्र थिएटरातच, तोही पहिल्याच आठवड्यात. नंतर शो उरतात कुठे?